वाचकाने काय वाचले याची नोंद आणि सरकारी चौकशी: ग्रंथालयांसाठी सविस्तर मार्गदर्शक

काउंटरवर एखादा सरकारी अधिकारी येतो आणि अमुक सभासदाने गेल्या वर्षभरात कोणती पुस्तके नेली असे विचारतो, त्या क्षणी ग्रंथपालाच्या हाती फारसे काही उरलेले नसते. मागितलेली माहिती ग्रंथालयाकडे असेल आणि मागणी कायदेशीर असेल, तर ती द्यावी लागते. माहिती नसेल, तर ‘आमच्याकडे अशी नोंद नाही’ असे खरे उत्तर देऊन विषय तेथेच संपतो. यांपैकी कोणते उत्तर द्यावे लागणार हे त्या दिवसाच्या कित्येक महिने आधी ठरून गेलेले असते: देवघेव विभागाची नोंदवही आखताना, संगणकप्रणालीतील एखादा पर्याय आहे तसा सोडून देताना, किंवा ई-पुस्तके पुरवणाऱ्या कंपनीच्या करारावर तो न वाचता सही करताना. म्हणून या लेखात अधिकाऱ्याशी कसे वागावे यापेक्षा नोंदींविषयी अधिक लिहिले आहे.

आरंभीच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. वाचकाची गोपनीयता राखणे म्हणजे तपासात अडथळा आणणे नव्हे. मागणी आल्यानंतर, किंवा ती येणार असे कळल्यानंतर, नोंदवही फाडणे किंवा फाइल पुसणे हा बहुतेक देशांत गुन्हा ठरू शकतो, आणि त्यात ग्रंथालयाची विश्वासार्हताही जाते. नोंदी नष्ट करायच्या त्या लेखी नियमानुसार, ठरलेल्या मुदतीला, कोणाचेही नाव डोळ्यांसमोर नसताना. खाली सांगितलेले सर्व उपाय या चौकटीतले आहेत.

हा धोका कोठून येतो

अमेरिकेतील घटनांची नोंद सविस्तर उपलब्ध असल्यामुळे त्या अभ्यासाला सोयीच्या आहेत. एफबीआय या तेथील केंद्रीय तपाससंस्थेने शीतयुद्धाच्या काळात ‘लायब्ररी अवेअरनेस प्रोग्रॅम’ चालवला होता. सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांतील वाचक वैज्ञानिक व तांत्रिक ग्रंथालयांतून काय वाचतात, याची चौकशी तिचे अधिकारी करत असत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या गणित व विज्ञान ग्रंथालयाला दिलेली अशी भेट १९८७ मध्ये उघडकीस आली. तेथे अधिकाऱ्यांनी प्रथम गाठले ते काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला. वरिष्ठ ग्रंथपालांकडे प्रश्न गेला तो नंतर. प्रशिक्षणाविषयी पुढे जे लिहिले आहे त्याचे कारण या तपशिलात आहे.

अमेरिकेच्या २००१ च्या पॅट्रिअट या दहशतवादविरोधी कायद्यातील कलम २१५ ने तपाससंस्थेला गुप्त न्यायालयाच्या आदेशाने ‘कोणतीही मूर्त वस्तू’ मागण्याचा अधिकार दिला, आणि त्या व्याख्येत पुस्तके, नोंदी व कागदपत्रे यांचा नावानिशी उल्लेख होता. या कलमाची मुदत मार्च २०२० मध्ये संपली, परंतु माहिती मागण्याचे इतर मार्ग कायम राहिले. त्यांपैकी ‘नॅशनल सिक्युरिटी लेटर’ हे पत्र तर न्यायाधीशाच्या सहीशिवायच निघते. २००५ मध्ये कनेक्टिकट राज्यातील अनेक ग्रंथालयांची सामाईक संगणकसेवा चालवणाऱ्या लायब्ररी कनेक्शन या संस्थेला असे पत्र आले. एका ठरावीक दिवशी, पाऊण तासाच्या अवधीत, एका ठरावीक इंटरनेट पत्त्यावरून संगणक कोणी वापरला हे त्यात विचारले होते, आणि पत्र आल्याचे कोणालाही सांगण्यास मनाई होती. संस्थेच्या चार पदाधिकाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली. ज्या काळात त्या देशाचे प्रतिनिधिगृह याच कायद्याच्या नूतनीकरणावर चर्चा करत होते त्या काळात या चौघांना स्वतःचा अनुभव सांगता आला नाही. २००६ मध्ये कायदा पुन्हा मंजूर झाल्यानंतर सरकारने बोलण्यावरची बंदी सोडली आणि पुढे माहितीची मागणीही मागे घेतली.

या एका प्रकरणातून आपल्या कामासाठी तीन गोष्टी घ्यायच्या. मागणी पुस्तकांविषयी नव्हती, संगणकाच्या वापराविषयी होती. ती वाचनालयाकडे आली नाही, त्याची यंत्रणा सांभाळणाऱ्या सामाईक संस्थेकडे आली. आणि तिच्यासोबत मौनाचा आदेश होता, म्हणजे सल्ला कोणाचा घ्यायचा हे आधी ठरलेले नसेल तर ऐन वेळी विचारायचे कोणाला हाच प्रश्न पडतो.

वाचनाची नोंद पुराव्याच्या दृष्टीने किती फसवी असते याचे उदाहरण कोलोरॅडो राज्यातील एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सापडते. अमली पदार्थांच्या प्रकरणात पोलिसांना टॅटर्ड कव्हर या दुकानाचे रिकामे पाकीट मिळाले होते, आणि त्यातून कोणते पुस्तक गेले हे त्यांना हवे होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दुकानाच्या बाजूने निकाल दिला. पाकिटात जपानी लिपीविषयीचे पुस्तक होते असे नंतर बाहेर आले. विषासंबंधी वाचणारा रहस्यकथा लिहीत असेल, एखाद्या आजाराविषयी वाचणारा शेजाऱ्याची शुश्रूषा करत असेल. पुस्तक नेल्याच्या नोंदीवरून यातले काहीच कळत नाही, पण ती नोंद हाती पडली की तिचा अर्थ लावण्याचा मोह मात्र कोणालाही होतो.

पहिली पायरी: नोंदींचा नकाशा

बहुतेक ग्रंथपालांना आपल्याकडे वाचकांविषयी नेमके काय साठलेले आहे हे सांगता येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष कमीच असतो. नोंदी एका जागी नसतात. त्या शोधण्याची सोपी रीत अशी की एका काल्पनिक वाचकाबरोबर सभासद होण्यापासून सभासदत्व सोडण्यापर्यंत चालत जावे आणि प्रत्येक थांब्यावर ‘येथे काय लिहिले जाते, कोठे राहते, कोण पाहू शकते, कधी नष्ट होते’ हे चार प्रश्न विचारावेत.

सभासद अर्ज आणि त्यासोबतच्या ओळखपत्राच्या प्रती, अनामत रकमेच्या पावत्या, देवघेवीची नोंद, राखीव मागण्या, थकीत पुस्तकांची स्मरणपत्रे, दंडाच्या पावत्या हे सहज आठवते. न आठवणाऱ्या जागा अधिक धोक्याच्या असतात. नवीन पुस्तक सुचवण्याच्या वहीत सुचवणाऱ्याचे नाव असते. दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवलेल्या पुस्तकाच्या पत्रव्यवहारात वाचकाचे नाव आणि विषय दोन्ही एकत्र असतात, आणि तो पत्रव्यवहार वर्षानुवर्षे कपाटात राहतो. संदर्भ विभागाला ई-मेलने किंवा मोबाइलवरच्या संदेशसेवेने विचारलेले प्रश्न कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक फोनमध्येच पडून असतात. वाचनकक्षाच्या दारातल्या हजेरीवहीत येण्याची आणि जाण्याची वेळ असते. अनेक आधुनिक छायाप्रती यंत्रांत अंतर्गत डिस्क असते आणि तीत प्रत काढलेल्या पानांच्या प्रतिमा राहू शकतात. यंत्र भाड्याचे असेल तर ते परत जाताना डिस्कही जाते.

हा नकाशा एका मोठ्या तक्त्यात लिहून काढावा. छोट्या वाचनालयाला त्यासाठी एक-दोन दिवस पुरतात. मोठ्या ग्रंथालयात संगणक विभागातील व्यक्ती सोबत हवीच, कारण पुढच्या पायऱ्यांतील निम्म्या नोंदी तिलाच ठाऊक असतात.

दुसरी पायरी: काय ठेवायचे आणि किती दिवस

ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना देवघेवीच्या दोन जुन्या पद्धती शिकवल्या जातात. नीना ब्राउन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८९५ च्या सुमाराच्या पद्धतीत पुस्तकातील पुस्तकपत्र (त्या पुस्तकाचे कार्ड) वाचकाच्या तिकिटाच्या खिशात घालून दोन्ही एकत्र ट्रेमध्ये ठेवतात. पुस्तक परत आले की तिकीट वाचकाला परत मिळते आणि पुस्तकपत्र पुस्तकात जाते. ही जोडी सुटली की कोणी काय नेले होते याचा मागमूस राहत नाही. नेवार्क पद्धतीत मात्र पुस्तकपत्रावर प्रत्येक वाचकाचा क्रमांक एकाखाली एक लिहिला जातो आणि पुस्तकाचा सगळा इतिहास त्या पत्रावर जमत जातो. परीक्षेत या दोहोंची तुलना करताना नेवार्क पद्धतीत इतिहास कळतो हा तिचा गुण आणि ब्राउन पद्धतीत तो कळत नाही हा तिचा दोष म्हणून लिहिण्याची प्रथा आहे. गोपनीयतेच्या दृष्टीने हे गुणदोष बरोबर उलटे आहेत. संगणक आला तेव्हा आपण फारसा विचार न करता नेवार्कच्याच वाटेने गेलो.

नियम म्हणून एवढे धरावे की पुस्तक वाचकाकडे असेपर्यंत ‘हे पुस्तक या व्यक्तीकडे आहे’ ही नोंद आवश्यक आहे, आणि पुस्तक सुस्थितीत परत आल्यावर तिचे प्रयोजन संपते. पुस्तक फाटलेले आढळले तर जबाबदार कोणाला धरायचे, असा आक्षेप येथे नेहमी येतो. तो रास्त आहे, पण त्यासाठी फक्त शेवटच्या वाचकाची नोंद आणि तीही पुस्तक तपासून फडताळावर जाईपर्यंतच हवी. दुसरा आक्षेप वाचकांकडूनच येतो: ‘मी हे पूर्वी वाचले आहे का, ते सांगा.’ ज्याला आपला इतिहास हवा आहे त्याला तो ठेवण्याची सोय द्यावी, पण ती त्याने स्वतः मागितल्यावर. आणि देताना ‘ही यादी आमच्याकडे असेपर्यंत कायदेशीर आदेशाने ती मागितली जाऊ शकते’ हे वाक्य अर्जावर छापलेले असावे. तिसरे कारण अहवालांचे. अनुदान देणाऱ्याला किंवा कार्यकारिणीला आकडे हवे असतात, व्यक्ती नको असतात. महिन्याअखेरीस वर्गांकानुसार (म्हणजे विषयवार) किती पुस्तके गेली आणि किती वाचक आले याची बेरीज करून ठेवावी आणि मूळ नोंदी सोडाव्यात. मात्र बेरजेचे गट फार बारीक करू नयेत. ‘साठीपुढील महिला, कायदा विषय, एक’ असा आकडा लहान ग्रंथालयात नाव सांगितल्यासारखाच असतो.

मुदतींचा तक्ता लेखी करून कार्यकारिणीकडून मंजूर करून घ्यावा. माझ्या मते देवघेवीसाठी परतीनंतर सात ते पंधरा दिवस, संगणक वापराच्या नोंदीसाठी त्याच दिवसाची संध्याकाळ आणि आंतरग्रंथालयीन पत्रव्यवहारासाठी हिशेब पूर्ण होईपर्यंतचा काळ पुरेसा आहे. पैशांच्या पावत्यांना लेखापरीक्षणाची मुदत लागू असते. म्हणूनच दंडाच्या पावतीवर पुस्तकाचे नाव न लिहिता केवळ रक्कम आणि सभासद क्रमांक लिहावा, म्हणजे पावती अनेक वर्षे राहिली तरी वाचन उघड होत नाही.

तिसरी पायरी: प्रणालीतील पर्याय

मंजूर केलेला तक्ता संगणकाला आपोआप कळत नाही. उदाहरण म्हणून कोहा ही ग्रंथालयाचे काम सांभाळणारी मुक्त संगणकप्रणाली घेऊ, कारण ती अनेक ग्रंथालयांत आहे आणि तिच्यातील गोष्टी उघडपणे तपासता येतात. कोहामध्ये पुस्तक परत आल्यावर त्याची नोंद जुन्या देवघेवीच्या तक्त्यात सभासदाच्या क्रमांकासह जाते आणि कोणी हात लावला नाही तर तेथेच राहते. ‘ओपॅक प्रायव्हसी’ (ओपॅक म्हणजे वाचकांसाठीची ऑनलाइन ग्रंथसूची) हा पर्याय सुरू केल्यास वाचकाला आपला इतिहास कायम ठेवायचा, नियमानुसार ठरावीक काळ ठेवायचा की अजिबात ठेवायचा नाही, यांतून निवड करता येते. सभासदांच्या प्रत्येक प्रकारासाठी मूळ निवडही ठरवता येते. हे सुरू करण्यापूर्वी एक बनावट ‘निनावी सभासद’ तयार करून त्याचा क्रमांक ‘अनॉनिमस पेट्रन’ या पर्यायात भरावा लागतो, कारण जुन्या नोंदींतील खरा क्रमांक काढून त्या जागी हाच घातला जातो. हे केले नाही तर पुस्तक परत घेतानाच अडचण येते. त्यानंतर जुन्या नोंदी निनावी करणारे काम सर्व्हरवर रोज रात्री आपोआप चालेल असे लावून घ्यावे. वाचनाचा इतिहास कर्मचाऱ्यांच्या पडद्यावर दिसतो तो वेगळ्या पर्यायाने बंद होतो, पण केवळ दिसणे बंद केल्याने नोंद पुसली जात नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

एवढ्यावर थांबणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. जुनी देवघेव निनावी झाली तरी आकडेवारीच्या तक्त्यात सभासद क्रमांक आणि पुस्तक क्रमांक शेजारी-शेजारी राहू शकतात. कर्मचाऱ्यांच्या कृतींची नोंद ठेवणारी रोजनिशी सुरू असेल तर तीतही हीच जोडी असते. थकबाकीच्या नोंदीच्या वर्णनात पुस्तकाचे शीर्षक येते. प्रणाली कोणतीही असो, ती सांभाळणाऱ्याला एकच नेमका प्रश्न विचारावा: सहा महिन्यांपूर्वी परत आलेले एक पुस्तक घ्या आणि ते कोणी नेले होते हे कोणत्याही मार्गाने शोधून दाखवा. त्याला सापडले तर दुसऱ्या कोणालाही सापडेल. ही परीक्षा दरवर्षी, आणि प्रणालीची नवी आवृत्ती बसवल्यावर दर वेळी घ्यावी.

त्यानंतर राखीव प्रतींकडे, म्हणजे संगणकातील माहितीच्या बॅकअपकडे, वळावे. रात्री निनावी झालेल्या नोंदी आदल्या दिवशीच्या, आदल्या महिन्याच्या आणि कपाटात ठेवलेल्या जुन्या हार्डडिस्कवरील प्रतीत जशाच्या तशा असतात. राखीव प्रती कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा, ठेवाव्यात, त्यांची फेरी ठरवावी आणि तीस दिवसांहून जुनी प्रत पुसली जाईल अशी व्यवस्था करावी. वेब सर्व्हरची नोंदही येथेच मोडते. वाचकाने सूचीत शोधलेले शब्द अनेकदा पानाच्या पत्त्याचा भाग होतात, त्यामुळे कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून, किती वाजता, काय शोधले गेले हे त्या फाइलमध्ये ओळीने लिहिलेले असते. दोषनिवारणासाठी आठवडाभराची फाइल पुरते. सूचीचे संकेतस्थळ कूटबद्ध जोडणीवरच चालावे. लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेकडून त्यासाठीचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते, त्यामुळे खर्चाची सबब उरलेली नाही.

चौथी पायरी: संगणक, वायफाय आणि छपाई

सार्वजनिक संगणक प्रत्येक वाचकानंतर मूळ स्थितीत परत जाईल असे सॉफ्टवेअर त्यावर असावे, म्हणजे शोधलेली पाने, उतरवलेल्या फाइली आणि चुकून उघडी राहिलेली खाती एकदमच जातात. रांग लावण्यासाठी नावांची वही ठेवू नये. क्रमांकाचा बिल्ला द्यावा आणि तो परत घ्यावा. ज्या देशांत सार्वजनिक इंटरनेट वापरणाऱ्याची ओळख नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे तेथे तेवढीच नोंद, कायद्याने सांगितलेल्या मुदतीपुरती, देवघेवीपासून वेगळ्या जागी ठेवावी आणि तीत भेट दिलेल्या संकेतस्थळांची भर घालू नये. वायफायचा राउटर कोणत्या उपकरणाला कोणता पत्ता दिला याची यादी ठेवतो. ती किती दिवस राहते हे पाहून कमी करावे. छपाईच्या रांगेत फाइलींची नावे दिसतात, तीही रोज रिकामी व्हावी.

न्यू हॅम्पशायर राज्यातील लेबनन गावच्या किल्टन ग्रंथालयाने २०१५ मध्ये टॉर या, वापरणाऱ्याचा इंटरनेट पत्ता लपवणाऱ्या गोपनीयता जाळ्याचा एक दुवा आपल्या संगणकावर चालवला. केंद्रीय सुरक्षा खात्याकडून सूचना मिळालेल्या स्थानिक पोलिसांनी चिंता व्यक्त केल्यावर तो थांबवला गेला, आणि विश्वस्तांनी त्याच वर्षी जाहीर बैठकीत चर्चा करून तो पुन्हा सुरू केला. प्रत्येक ग्रंथालयाने हे करावे असे मी म्हणणार नाही. परंतु सार्वजनिक संगणकांवर टॉर ब्राउझरचा पर्याय उपलब्ध करून देणे त्यामानाने सोपे आहे.

पाचवी पायरी: बाहेरच्या कंपन्या

आपण घरातल्या सर्व नोंदी पुसल्या आणि कंपनीने त्या ठेवल्या, तर अधिकारी आपल्याकडे येणारच नाही; तो कंपनीकडे जाईल आणि आपल्याला कळणारही नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये अडोबीचे ई-पुस्तक वाचण्याचे सॉफ्टवेअर कोणते पुस्तक उघडले, कोणती पाने वाचली ही माहिती कूटबद्ध न करता कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवत असल्याचे उघड झाले. अनेक ग्रंथालयांची ई-पुस्तके त्याच सॉफ्टवेअरवर चालत होती, आणि वाचकाला सभासदत्व देताना असे काही होईल याची ग्रंथपालांना कल्पना नव्हती.

करार करताना किंवा नूतनीकरण करताना कंपनीला काही प्रश्न लेखी विचारावेत. वाचकाचे नाव व ई-मेल तुम्हाला कशासाठी हवे, निव्वळ सभासदत्व वैध आहे एवढे कळणे पुरेसे का नाही? वाचनाची नोंद किती दिवस ठेवता आणि कोणत्या देशात? सरकारी मागणी आली तर कायद्याने मनाई नसल्यास ग्रंथालयाला कळवाल का? करार संपल्यावर माहिती पुसल्याचे लेखी द्याल का? उत्तर टाळणारी कंपनी कोणती हे यातूनच समजते. एकट्या छोट्या वाचनालयाचे कंपनी ऐकत नाही हे खरे आहे. चार-सहा ग्रंथालयांनी एकत्र करार केल्यास ऐकते.

तांत्रिक जोडणीही पाहावी. स्वयंचलित देवघेव यंत्रे आणि अनेक ई-पुस्तक सेवा मुख्य प्रणालीशी सिप-२ या नियमावलीने बोलतात, आणि तीत मुळात कूटबद्धता नाही. सभासद क्रमांक, पिन आणि पुस्तकाचे शीर्षक साध्या मजकुरात जाते, म्हणून ही जोडणी नेहमी सुरक्षित बोगद्यातून, म्हणजे कूटबद्ध मार्गाने, न्यावी. आणखी एक गळती सौंदर्यासाठी ओढवून घेतलेली असते: सूचीत दिसणारी मुखपृष्ठे विक्रेत्याच्या किंवा शोधसेवेच्या सर्व्हरवरून आणली जात असतील, तर वाचक ज्या ज्या पुस्तकाचे पान उघडतो त्या प्रत्येकाचा क्रमांक त्याच्या इंटरनेट पत्त्यासह त्या कंपनीला कळतो. मुखपृष्ठे स्वतःच्या सर्व्हरवर साठवून तेथून दाखवावीत. भेटी मोजणारी परकी साधने आणि समाजमाध्यमांची बटणे सूचीच्या पानांवरून काढून टाकावीत.

सहावी पायरी: काउंटरवरच्या सवयी

राखीव पुस्तकांच्या फडताळावर वाचकाचे पूर्ण नाव बाहेर दिसेल असे लावू नये. सभासद क्रमांकाचे शेवटचे अंक किंवा वाचकाने निवडलेले टोपणनाव पुरते. स्मरणपत्रात आणि मोबाइल संदेशात ‘आपल्याकडील दोन पुस्तकांची मुदत संपली आहे’ एवढेच लिहावे, शीर्षके लिहू नयेत. पुस्तकांना रेडिओ चिप लावलेली असेल तर तिच्यावर फक्त प्रतीचा क्रमांक असावा. कॅमेरे प्रवेशद्वाराकडे वळवावेत, संगणकाच्या पडद्यांकडे किंवा वाचनाच्या टेबलांकडे नव्हे, आणि चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जावे. अमुक गृहस्थ हल्ली काय वाचतात ही चहाच्या वेळची चर्चा निरुपद्रवी वाटते, पण गुप्त चौकशीला तीच पुरते.

सातवी पायरी: लेखी धोरण

धोरण एका पानाचे असले तरी चालते. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या नीतिसंहितेत १९३९ पासून वाचकांविषयीची माहिती गोपनीय राखण्याचे कर्तव्य आहे. जपानी ग्रंथालय संघटनेने १९५४ चा आपला ग्रंथालय स्वातंत्र्याचा जाहीरनामा १९७९ मध्ये सुधारला तेव्हा वाचकांची गुपिते जपण्याचे वचन त्यात घातले. आणि इफ्ला या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये ग्रंथालयातील गोपनीयतेविषयी निवेदन काढले. यांपैकी एकाचा आधार धोरणात नोंदवावा, म्हणजे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ‘हे माझे मत नाही, आमच्या व्यवसायाचा नियम आहे’ असे म्हणता येते. मुदतींचा तक्ता, कोणती माहिती कोणत्या आदेशाशिवाय दिली जाणार नाही, आणि ग्रंथालयाच्या वतीने उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे पद, हे धोरणाचे गाभ्याचे भाग. आपल्या ठिकाणचा कायदा काय म्हणतो हे वकिलाकडून लिहून घ्यावे, कारण फरक मोठे असतात. अमेरिकेतच ४८ राज्यांत ग्रंथालयीन नोंदींच्या गोपनीयतेचे कायदे आहेत आणि त्यांचे शब्द एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रत्यक्ष मागणी आली तर

कर्मचाऱ्याने काय बोलायचे हे पाठ असावे, इतके साधे: ‘वाचकांच्या नोंदींविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. कृपया बसा, मी संबंधितांना बोलावतो.’ ती व्यक्ती आपली सभासद आहे किंवा नाही हेही सांगायचे नाही; ‘नाही’ हेसुद्धा उत्तर असते. अधिकाऱ्याचे ओळखपत्र पाहून नाव, पद, कार्यालय आणि वेळ लिहून घ्यावी. स्वर नम्र ठेवावा. रात्रपाळीचा तात्पुरता कर्मचारी आणि सुट्टीच्या दिवशीचा स्वयंसेवक यांनाही हे प्रशिक्षण द्यावे, आणि प्रमुख व्यक्ती उपलब्ध नसेल तर पुढचा फोन कोणाला करायचा याची यादी काउंटरच्या खणात ठेवावी.

मागणी कोणत्या प्रकारची आहे यावर पुढचे सर्व अवलंबून असते. तोंडी विनंतीला किंवा साध्या पत्राला धोरणाची प्रत देऊन न्यायालयीन आदेश आणण्यास सांगता येते. कागदपत्रे हजर करण्याच्या आदेशाला सहसा मुदत असते. त्या मुदतीत वकिलाने तो नीट काढला आहे का, मागणी प्रमाणाबाहेर व्यापक आहे का हे तपासावे आणि गरज पडल्यास ती मर्यादित करण्यासाठी न्यायालयात जावे. झडतीचा आदेश मात्र त्याच क्षणी बजावला जातो. तेथे अडवायचे नाही. वकील येईपर्यंत थांबण्याची विनंती करायची, ती मान्य झाली नाही तर बाजूला उभे राहायचे, आदेशाची प्रत घ्यायची, काय पाहिले आणि काय नेले ते लिहायचे आणि जप्त वस्तूंच्या यादीवर सही घ्यायची. आदेशात एका सभासदाची एका महिन्याची नोंद असेल तर तेवढीच छापून द्यावी; संपूर्ण संगणक नेण्याची गरज पडू नये म्हणून ती नोंद वेगळी काढून देणारी व्यक्ती हाताशी असणे उपयोगी पडते. कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असल्याचे सांगितले गेले तर निर्णय प्रमुखाने वकिलाशी बोलून घ्यावा आणि कारण लेखी ठेवावे.

मागणी पोहोचताच नियमित पुसण्याची कामे त्या मागणीशी संबंधित नोंदींपुरती थांबवावीत. रात्रीचे आपोआप चालणारे काम थांबवायला विसरल्यामुळे ग्रंथालयावर पुरावा नष्ट केल्याचा आरोप येऊ शकतो, म्हणून ते कसे थांबवायचे हे किमान दोघांना ठाऊक असावे.

मौनाचा आदेश असेल तर तो शब्दशः वाचून, वकिलाशी बोलणे त्यात मुभा म्हणून दिलेले आहे का ते पाहावे, सहसा असते. सहकाऱ्यांपैकी ज्यांच्याशिवाय माहिती काढता येणार नाही तेवढ्यांनाच सांगावे. अमेरिकेतील ग्रंथपाल जेसामिन वेस्ट यांनी यावर ‘तपाससंस्था येथे आलेली नाही, ही पाटी काढली जाते का यावर लक्ष ठेवा’ अशा पाटीची कल्पना मांडली होती. ती चतुर आहे यात वाद नाही, पण पाटी काढणे म्हणजेच आदेश मोडणे असे न्यायालयाने मानले तर त्याची शिक्षा काउंटरवरच्या माणसाला भोगावी लागेल, म्हणून वकिलाच्या सल्ल्याशिवाय ती लावू नये.

आदेशात मनाई नसेल तर वाचकाला लवकरात लवकर कळवावे, म्हणजे त्याला स्वतःची बाजू मांडता येईल. त्यानंतर कार्यकारिणीसमोर अहवाल ठेवताना एक प्रश्न आवर्जून विचारावा: जी नोंद द्यावी लागली ती आपल्याकडे मुळात कशासाठी होती? उत्तरानुसार मुदतींचा तक्ता त्याच बैठकीत बदलावा, आणि वर्षाच्या अहवालात आलेल्या मागण्यांची संख्या, कायद्याने चालत असेल तेथे, वाचकांसाठी प्रसिद्ध करावी.